आण्णांची पेटी : कामाच्या नोंदी

८ जून २०२५

पेटी आज माळ्यावरून खाली काढली. कड्या गंजून हातात आल्या, म्हणून दादानं एका बाजूनं आणि मी दुसऱ्या बाजूनं पोटाशी धरून उतरवली. २०१९ च्या पुरात पंचगंगेचं पाणी घरात कमरेएवढं होतं. तेव्हा आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बाकी सगळं सोडून आधी ही पेटी माळ्यावर टाकली होती. आई अजून बोलते त्यावर. "गव्हाची पोती भिजली, आनि ह्यांची लंगोटं कोरडी!"

आत सापडलेलं असं: फोटो १४३ (त्यातले ३० एक एकमेकांना चिकटलेले), वह्या ११, कॅसेट ४, मैदानांच्या हस्तपत्रकांचा एक गठ्ठा, दोन फेटे, तीन लंगोट, आणि चांदीची म्हणून मिळालेली पण चांदी नसलेली एक छोटी गदा.

नोव्हेंबरात आण्णांचं वर्षश्राद्ध. तोवर सगळं स्कॅन करायचं, ५०-६० पानांची पुस्तिका काढायची आणि तालमीसाठी दहा फोटो मोठे करून द्यायचे, असं ठरवलंय. दादाचं म्हणणं, "आटोपशीर कर. आण्णा काय हिंदकेसरी नव्हते." खरंय. श्रीपती खंचनाळे १९५९ साली पहिले हिंदकेसरी झाले, तेव्हा आण्णा अकरा वर्षांचे होते आणि गावच्या जत्रेत रेवड्यांच्या कुस्त्या धरत होते. पुढं चांगल्या जोडी लागल्या, मोठ्या मैदानात नाव पुकारलं गेलं. पण किताब म्हणावा असं काही हाती लागलं नाही. उरलेली चाळीस वर्षं वस्तादकी.

तरी आटोपशीर किती, ते पेटी बघून ठरवीन.

१५ जून

पुण्याहून स्कॅनर आणला. सुटे फोटो ६०० डीपीआयवर, महत्त्वाचे १२०० वर. दिवसभरात ४१ झाले. चिकटलेल्या गठ्ठ्याला हात लावला नाही. कोरडे ओढले तर चेहरेच सोलून निघतात. स्वच्छ गार पाण्यात भिजत ठेवून आपोआप सुटू द्यायचे, मग सुती कापडावर तोंड वर करून वाळवायचे. आधी एका बिनमहत्त्वाच्या जोडीवर करून बघते.

आजच्यातला सगळ्यात जुना फोटो १९६२-६३ चा असावा. चौदा वर्षांचं पोर, डोक्याचा गोटा, छाती काढून उभं. आण्णा कोल्हापुरात आले ते ह्याच साली. जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत १९६२ ला गणपत आंदळकर आणि मारुती माने सुवर्णपदकं घेऊन आले आणि आमच्या भागातल्या प्रत्येक बापाला वाटलं, आपलंही पोरगं तालमीत घालावं. आजोबांनी एक पायली जोंधळा, तुपाची बरणी आणि हे पोर एकदमच वस्तादांच्या ताब्यात दिलं. दहा वर्षांआधी गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी हेलसिंकीतून कांस्य आणलं होतं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पण आण्णा म्हणायचे, आमच्या गावात ते नाव पोचलं ते आंदळकर-मान्यांच्या मागून. आधी पैलवान म्हणजे ज्याला प्रत्यक्ष मैदानात बघितलं तो.

१६ जून

आईला बसवून फोनवर बोलणं टेप केलं. तिला विचारलं, पैलवानाशी लग्न करताना काय वाटलं? "वाटायचं काय? बदाम घोटायचं कळलं लगीन झाल्यावर."

मग खुराकावर पाऊण तास. रात्री भिजवलेले बदाम सोलायचे, खसखस, वेलची, बडीशेप, दगडी कुंडीत लाकडी सोट्यानं घोटायचे. मिक्सर चालत नाही. आण्णांच्या मते त्यात बदाम "जळतो". थंडाई गंधासारखी उतरली पाहिजे, नखाला कण लागता कामा नये. तूप वेगळं, दूध वेगळं. कोल्हापुरात असताना आण्णा गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हशीची धार थेट पेल्यात घेऊन उभ्या उभ्या प्यायचे. लग्नानंतर ते सुख गेलं आणि आईच्या मागं काम लागलं.

"ह्यांच्या एकट्याचं असतं तर केलो असतो की. पोरांचं बी मीच करतो. बारा पोरं!" (आमच्याकडं बायका 'मी करतो, मी जातो' असंच म्हणतात. पुस्तिकेत तसंच ठेवणार, पुण्याच्या मुद्रितशोधकानं 'करते' करू नये म्हणून पानाच्या वर लाल शाईत लिहून ठेवलंय.)

२९ जून

सोप्यातला फोटो.

आमच्या सोप्यात, दारातून आत आलं की समोर, काचेच्या चौकटीत एकच कुस्तीचा फोटो आहे. १९९८ च्या सुमाराला लावला. लाल मातीत दोन पैलवान, एक वर, एक खाली. खालच्याचे दोन्ही खांदे टेकलेत. पंच गुडघ्यावर बसून, गाल जवळजवळ मातीला लावून खांदे बघतोय. मागं हलगीवाला तोंड उघडून उभा. वरच्याची पाठ आपल्याकडं. खालच्याचं तोंड वरच्याच्या दंडाखाली झाकलेलं. चेहरा कुणाचाच दिसत नाही.

आलेला पाहुणा चहा घेता घेता म्हणायचा, "पैलवानानं आस्मान दाखवलं बघा!" आण्णा म्हणायचे, "चहा घ्या, गार होतोय."

तो फोटो आज चौकटीतून काढला आणि १२०० वर स्कॅन केला. स्क्रीनवर मोठा केल्यावर खालच्याचा डावा कान दिसला. दंडाच्या कडेतून तेवढाच बाहेर. वाळल्या अंजिरासारखा, चुरगळलेला, भोक बुजत आलेलं.

वरच्याचाही डावा कान दिसतो. तो साफ आहे. शाळेतल्या पोराचा असावा तसा.

आण्णांचा डावा कान मोडलेला होता. लहानपणी मी तो दाबून बघायचे, दगडासारखा लागायचा.

आज पुढं काम केलं नाही.

५ जुलै

घाई नको. कान कधी मोडला, हा प्रश्न आहे. झटापटीत कान घासून, दाबून आत रक्त साकळतं, कातडी आतल्या कूर्चेपासून सुटते, आणि ते वेळेत काढलं नाही तर तिथंच घट्ट होऊन बसतं. त्याआधी आण्णांचाही कान साफच असणार. म्हणजे फोटो आधीचा असेल तर वरचे आण्णाच.

फोटोच्या मागं स्टुडिओचा शिक्का आहे, साल नाही. पेन्सिलनं "कु. नं. ३" एवढंच. हस्तपत्रकांचा गठ्ठा उघडला. गुलाबी, पिवळे, पतंगी कागद, ठळक टाइपात जोड्या आणि इनामाचे आकडे. एका पत्रकावर तीन नंबरच्या कुस्तीत आण्णांचं नाव, इनाम ३०१ रुपये, साल १९७३. मागं त्याच पेन्सिलची, त्याच वळणाची खूण.

आणि तालमीचा एक समूहफोटो, पुढच्या पोराच्या हातातल्या पाटीवर १९७०. आण्णा दुसऱ्या रांगेत, मान किंचित वळलेली. डावा कान मोडलेला.

म्हणजे १९७३ ला कान मोडून तीन वर्षं तरी झाली होती. खालचे आण्णा.

सत्तावीस वर्षं आमच्या घरात आल्यागेल्याला दिसणारा फोटो आण्णांच्या चितपट होण्याचा आहे.

६ जुलै

आईला सांगितलं. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "वरचा असता तर भिंतीला लावला असता व्हय ह्यांनी?"

१३ जुलै

कॅसेट. चारांपैकी दोन चालतात. एकीतला फितीमागचा दाबाचा फेल्टचा तुकडा गळून पडला होता. कवच उघडून फीत दुसऱ्या चांगल्या कवचात घातली, ते जमलं. चौथीला बुरशी आहे, ती बाजूला.

पहिल्या बाजूला काकड्याची भजनं. दुसऱ्या बाजूला एकदम आण्णा. पहाटेची तालीम, मागं दम टाकल्याचे, तळवे जमिनीवर आपटल्याचे आवाज, आणि आण्णांची मोजदाद. "पंधरा. सोळा. सतरा. अठरा. एकोणीस. एकोणीस. एकोणीस. एकोणीस…" कुणीतरी कंबर पूर्ण खाली नेत नसणार. सात वेळा एकोणीस. मग "ईस" आणि हलका हशा.

कुणी टेप केलं, का केलं, कळायला मार्ग नाही. ४६ मिनिटं. जशीच्या तशी ठेवली, आवाज स्वच्छ करायला गेले तर दम टाकल्याचे आवाजच जातात.

२० जुलै

वह्या. मला वाटलं होतं त्यांत आण्णांच्या कुस्त्या असतील. अकराच्या अकरा पोरांच्या.

उभे रकाने: नाव, वजन, जोर, बैठका, दूध, आणि शेवटचा 'घर'. ह्या शेवटच्या रकान्यासाठी मी पुस्तिकेतली निम्मी पानं ठेवणार आहे. नावं न घालता काही उतरवते:

"वजन ४१. दूध घरातून बंद. म्हैस विकली. आपल्यातलं अर्धा लिटर."

"बाप दारू पितो. पोरगं रात्री तालमीतच झोपू दे."

"वजन ५२ ला उतरवू नका. हाडात जीव नाही. ५७ लाच खेळेल, हरला तर हरू दे."

"गुडघा. दोन महिने नुसता दोरी चढणे. बापाला सांगितलं, पटलं नाही."

"अभ्यासात चांगला. कुस्ती सोडली तरी चालेल. त्याला आत्ता सांगू नये."

अर्ध्या लिटरचं मात्र मला लख्ख आठवतं. मी आठ-नऊ वर्षांची होते. आमच्या घरी कोऱ्या चहाचे दिवस मधेच यायचे, कारण विचारलं की आई म्हणायची म्हैस आटली. म्हैस आटलेली नव्हती. वहीत तारखा आहेत.

२९ जुलै, नागपंचमी

मुद्दाम रजा टाकून आले. तालमीत आज मातीची पूजा. जुनी माती उकरून, चाळून, नवी तांबडी माती मिसळली. त्यात ताक, लिंबू, हळद, गोडंतेल, कापूर. तेला-ताकानं माती मऊ राहते, धूळ उडत नाही, हळद खरचटल्याला बरी. वास रस्त्यापर्यंत येतो. मी नेहमीसारखी उंबऱ्याबाहेर उभी राहून फोटो काढले.

ह्या उंबऱ्यावर एक परिच्छेद लिहावा की नाही, ठरत नाहीये. तालमीत बाईनं पाय ठेवायचा नाही. आत मारुती. दादा सहाव्या वर्षी आत गेला, तीन वर्षांत कंटाळून बाहेर आला. मी रोज डबा घेऊन उंबऱ्यापर्यंत. आत काय चालतं ते मला आवाजावरून कळायचं: शड्डू, 'हाप्', आण्णांची एकोणीस.

आणि पुढं ह्याच आण्णांनी पोरींना शिकवलं. २००४ ला अथेन्समध्ये बायकांची कुस्ती पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आली. त्यानंतर वर्षा-दोन वर्षांत शाळेच्या हॉलात भुस्सा भरलेली पोती अंथरून वर ताडपत्री ताणून आण्णांनी पाच मुली उभ्या केल्या. गावानं बडबड केली. सांगलीत २०२३ च्या मार्चमध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, ती त्यांनी दादाच्या फोनवर डोळ्याला फोन चिकटवून बघितली. तेव्हा मी विचारलं होतं, "मग मला का नाही?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "तवा मॅट नव्हती."

मी ते उत्तर म्हणून स्वीकारलेलं नाही. पण पोती त्यांनी स्वतःच्या पैशानं आणली होती, हेही वहीत आहे.

१० ऑगस्ट

आण्णांच्या तालमीतल्या जुन्या जोडीदाराकडं गेले. काका आता ७९ वर्षांचे, गुडघे गेलेत, हात अजून खोऱ्यासारखे. स्कॅन टॅबवर दाखवला. बघितल्याबरोबर हसले.

"ह्यो फोटो तालमीत होता की आधी. दाराच्या आत, डाव्या हाताला. नवीन पोरगं आलं की वस्ताद त्येला फोटोम्होरं उभं करायचे. 'ह्यातलं खालचं कोण, वळख.' पोरगं काय वळखतंय! 'मी हाय. आता माझं डोकं कुठं हाय ते बघ.'"

मग काकांनी खाटेवर बसल्या बसल्या मला कुस्ती समजावली. आण्णांचा हुकमी डाव एकेरी पट. समोरच्याचा एक पाय झपकन दोन्ही हातांत घ्यायचा आणि त्याला पाडायचं. पट काढताना मान ताठ हवी आणि डोकं आतल्या बाजूला, त्याच्या बरगडीला टेकलेलं. डोकं बाहेर पडलं आणि नजर मातीकडं गेली की समोरचा पाय मागं फेकून सगळा भार मानेवर टाकतो. तिथून तो फिरवेल तसं फिरायचं. त्या दिवशी आण्णांना घाई झाली. दुपारपासून दोन कुस्त्या बरोबरीत सुटलेल्या, पब्लिक ओरडत होतं. डोकं बाहेर गेलं. फोटोतही खालच्याचं डोकं वरच्याच्या काखेबाहेर आहे. मी ते महिनाभर बघत होते आणि मला दिसत नव्हतं.

मैदानातल्या मातीच्या कुस्तीत गुण नसतात. पाठ टेकली की संपलं, नाहीतर चालू. खाली बसून, माती धरून, दम खात अर्धा-अर्धा तास काढता येतो. काका म्हणाले, आण्णा पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतून प्रशिक्षकाचं शिकून आले आणि पहिलं कुठलं काम केलं असेल तर पोरांची ही खाली बसायची सवय मोडली. मॅटवर दोन फेऱ्या तीन-तीन मिनिटांच्या. नुसता ताबा दिला तरी समोरच्याला २ गुण. दम खायला वेळच नाही. महाराष्ट्र केसरीतसुद्धा माती विभागाचा विजेता आणि गादी (मॅट) विभागाचा विजेता शेवटी एकमेकांसमोर येतात, म्हणजे पोराला दोन्ही अंगांनी तयार पाहिजे. जुने वस्ताद मॅटला नावं ठेवायचे. आण्णा ठेवत नव्हते, पण सकाळी मातीत उतरल्याशिवाय मॅटवर सोडतही नव्हते.

निघताना विचारलं, मग फोटो घरी कसा आला?

"तालमीचं छप्पर काढलं तवा. ऱ्हायला तिथंच मग."

१० ऑगस्ट, रात्री

दादाला फोन. म्हणाला, "खालचे आण्णा. मला ठाऊक होतं. मला उभं केलं होतं की त्या फोटोसमोर." आणि मग, "तुला ठाऊक नव्हतं?"

२४ ऑगस्ट

चिकटलेला गठ्ठा सुटला. ३० पैकी १९ वाचले, ६ अर्धे, ५ गेले. वाचलेल्यांत खासबागेचा एक आहे, मला वाटतं आख्ख्या पेटीतला सगळ्यात चांगला. मैदान भरलेलं, उन्हं कलती. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये बांधून घेतलेलं हे मैदान. मधोमध कुस्तीचा हौद खोल आणि चारी बाजूंनी चढत जाणारी बैठक, म्हणून शेवटच्या माणसालाही पंचाचं बोट दिसतं. फोटो वरच्या पायरीवरून काढलाय. आण्णा प्रेक्षकांत बसलेत, फेटा मांडीवर, पुढं झुकलेले, दोन्ही हात एकमेकांत अडकवून असे वळवलेत की डाव आपल्याच हातात आहे. हौदात त्यांचं पोरगं असणार.

मुखपृष्ठाला हाच. दादाला गदा घेतलेला हवा होता.

१४ सप्टेंबर

मांडणीचं काम. एका छापखान्यानं अनुस्वारांचा बट्ट्याबोळ केला आणि 'हप्ते' डावाच्या ठिकाणी 'आठवडे' करून ठेवलं. बहुतेक कुणीतरी यंत्राला शुद्धलेखन करायला सांगितलं. पैसे सोडून दिले, मजकूर परत आणला. आता ओळखीतल्या एका मुलीकडून करून घेतेय. तिचे आजोबा पैलवान होते, तिला 'मोळी' हा डाव आहे, सरपणाची मोळी नव्हे, एवढं तरी सांगावं लागत नाही.

डावांची यादी आण्णांच्या शब्दांत जाणार. कलाजंग : "पोतं खांद्यावर घेतो तसं, फक्त पोतं लाथा मारत असतंय." धोबीपछाड : "हात त्याचा, खांदा आपला, बाकी धोब्याला विचार." एवढंच त्यांनी वहीच्या कव्हरच्या आत लिहिलंय. चौदा डावांपैकी दोनांनाच त्यांनी अशी ओळ लिहिली, बाकीच्यांची नुसती नावं. मी भर घातलेली नाही.

२८ सप्टेंबर

फोटोखाली काय लिहायचं, यावर पंधरा दिवस गेले. दादाचं म्हणणं, कशाला मुद्दाम सांगायचं, लोक काय समजायचं ते समजू देत. आण्णांनी तरी कुठं पाहुण्यांना सुधारलं? माझं म्हणणं, तालमीत ते पहिल्या दिवशी सांगायचे. लपवायचं असतं तर पोरांपासून लपवलं असतं. पाहुणे त्यांचे शिष्य नव्हते, एवढंच. मी पाहुण्यांतच मोडत होते, हे मला कुठंतरी लागलंय, म्हणून मी जास्त भांडतेय, हेही खरं.

शेवटी दादा म्हणाला, "तू लिही. मी वाचून दाखवीन आईला."

लिहिलं: 'कुस्ती नं. ३, १९७३. खालचे आण्णा. डोकं बघा.'

आईनं ऐकलं आणि म्हणाली, बरं हाय, लांबड लावली न्हाईस.

१२ ऑक्टोबर

मोठे केलेले दहा फोटो चौकटीत बसवून तालमीत पोचवले. नऊ पोरांनी लावले. दहावा कुठं लावायचा हे आताच्या वस्तादांना मी बाहेरून सांगत होते. ते आण्णांचेच शिष्य, वहीतला "आपल्यातलं अर्धा लिटर" बहुधा हाच. म्हणाले, "ताई, आत येऊन दाखवा की. बाहेरून कसं कळंल?"

मी म्हटलं, चालतं?

"आता काय न्हाई तसलं. चपला काढा फक्त."

दाराच्या आत, डाव्या हाताला. जुन्या खिळ्याचं भोक चुन्याखाली अजून हाताला लागतं, तिथंच मारला. उंची पाच फूट ठेवली होती, वस्तादांनी उतरवून चारवर घेतली, "पोरं बारकी असत्यात." माती पायाला गार लागते. काचेवर समोरच्या ट्यूबलाइटचा पट्टा पडतोय आणि नेमका खालच्या माणसाच्या डोक्यावर येतोय. न चकाकणारी काच मागवली आहे, सहाशे रुपये, पुढच्या आठवड्यात बदलायची.